एक पिशवी वाळू

मी एक जुनी चाळणी आहे. माझी जाळी तीन ठिकाणी तारेने शिवलेली आहे आणि कड धुराने काळी पडली आहे. मित्रांनो, खरं सांगते, मी आता फार थकले आहे. फुटाणे खाताना कुणाला माझी आठवण येत नाही. तशी ती आलीच, तर माझं काही चुकलं असं समजावं.

एरंडोलच्या बाजारपेठेत मंजुळाबाईंची भट्टी आहे. कढईत तापलेली वाळू, वाळूत हरभरे. हरभरे फुटले की मंजुळाबाई सगळं माझ्यात ओततात आणि मला हलवतात. वाळू खाली कढईत पडते, फुटाणे माझ्याजवळ राहतात. तेहतीस वर्षं मी हेच करते आहे.

पण वाळू कसलीही चालत नाही. माझ्या भोकांहून जाड असली तर फुटाण्यांत राहते आणि दाताखाली येते. पिठासारखी बारीक असली तर दाण्यांना चिकटते. आम्हाला मधलीच लागते, आणि ती गिरणा नदीच्या वळणावर मिळायची. जोराच्या धारेत नदी गोटे ठेवायची, डबक्यात गाळ, आणि वळणाच्या आत, जिथे पाणी मंदावतं तिथे, आमची वाळू. भाजून भाजून वाळू झिजते, म्हणून मंजुळाबाई वर्षातून एकदा जाऊन घमेलंभर आणायच्या. त्याहून जास्त कधीच नाही.

मग ट्रॅक्टर आले आणि ते वळण खरवडून गेले. बांधकामाच्या ढिगातली वाळू आणली, तर तिच्यात सगळंच मिसळलेलं. मी जीव तोडून चाळायचे, तरी एखादा खडा फुटाण्यांत राहायचाच. एकदा समोरचे कापड दुकानदार माणकचंद शेठ यांची दाढ तुटली. रोज सूर्य मावळायच्या आत आमचे फुटाणे खाणारा माणूस. ते भांडले नाहीत. "मंजुळाबाई, आता माझ्याच्याने व्हायचं नाही," एवढंच म्हणाले आणि येईनासे झाले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. दिवाळीपर्यंत चांगली वाळू मिळाली नाही तर भट्टी विझवायची, असं मंजुळाबाईंनी ठरवलं. त्या दिवशी त्यांनी मला आपटलं. माझ्या अंगावरचा तिसरा टाका तेव्हाचा आहे.

त्यांचा मुलगा भूषण सुरतेला यंत्रमागावर काम करतो. आईचं ऐकून त्याने समुद्रावरून पिशवीभर वाळू आणली. दिसायला इतकी सुरेख, पण कढईत पडताच दाण्यांना चिकटून बसली.

"कथाइन भरी रे हाई?" मंजुळाबाईंनी किनाऱ्यावरची जागा विचारली.

"वरतीन, माय. तठे कोरडी व्हती. वल्ली वाळू रेल्वेमा गळती ना."

पुढच्या आठवड्यात मंजुळाबाईंनी मला पिशवीत घातलं आणि भूषणबरोबर आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाल्या.

भरती नुकतीच ओसरत होती. मित्रांनो, तिथे मी पाहिलं की चाळायचं काम माझ्याशिवायही होतं, आणि माझ्याहून चांगलं होतं. लाट जोरात चढायची, जाड-बारीक सगळं वर आणायची. परतताना तिचं पुष्कळ पाणी वाळूत जिरायचं, जोर संपायचा. मग जड कण तिथेच टाकून ती हलके तेवढे खाली न्यायची. पार खाली नुसता गाळ होता. वर शिंपल्यांची रेघ होती. तिच्याही वर वाऱ्याने उडवून आणलेली भुकटी, भूषणने भरली होती ती. मला माझ्या तेहतीस वर्षांची जरा लाजच वाटली.

मंजुळाबाई मूठ मूठ चाळत खाली उतरल्या. शिंपल्यांच्या रेघेखाली हातभर पट्ट्यात वाळू माझ्यातून सरसर गेली. एक कण अडकला नाही, हाताला भुकटीही चिकटली नाही. त्या तिथेच बसल्या.

"आपली गिरणा बी आशीच निवडस," त्या म्हणाल्या. "ती तापीले मियस, तापी आठे येस. आपलीच शे रे हाई, भूषण." गिरणेचं पाणी तापीतून इथेच येतं, म्हणजे वाळूही आमचीच.

"मंग दोन पिशव्या भरूत."

"एकच. बाकीनी राहू दे."

घरी ती वाळू खारटपणा जाईपर्यंत धुतली, वाळवली. पहिला घाणा घेऊन मंजुळाबाई स्वतः समोरच्या दुकानात गेल्या. शेठ दुसऱ्या दाढेने बराच वेळ चावत राहिले.

"उद्याही आणाल ना?" त्यांनी विचारलं.

"आणसू ना, भाऊ. जवलोंग वाळू शे तवलोंग."

भट्टी पेटती राहिली. पण ही पिशवी वर्षभरात झिजेल, भरतीगणिक सरकणारा तो पट्टा भूषणला ओळखता येत नाही, आणि मंजुळाबाईंच्या गुडघ्यांना पुन्हा सुरत झेपणार नाही. हे मला कळतं, त्यांनाही कळतं. यंदाच्या पुराने गिरणेच्या वळणावर थोडी वाळू परत आणून ठेवली आहे, जेमतेम दोन घमेली. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी ट्रॅक्टर चालवत असेल तर त्यांना माझा निरोप द्या. मला चाळायला एक घटका पुरते, नदीला त्या दोन घमेल्यांसाठी अख्खा पावसाळा लागला. तेवढी राहू द्या.