नाव कुऱ्हाडीचं, काम माझं

मी इस्फरा गावच्या साबोहतबाईंची छाटणीची कात्री बोलतेय. कुऱ्हाडीने तुमचे कान आधीच भरले असतील, म्हणून माझीही बाजू ऐका.

माझा जन्म मोडक्या ट्रॅक्टरच्या पोलादी पाट्यातून झाला. मिर्झो लोहाराने मला असं पाणी दिलं, की अंगठ्याएवढी फांदी एका दमात कापावी! साबोहतच्या नवऱ्याने मला घेतलं आणि अंगणातल्या जर्दाळूवर वीस हिवाळे चालवलं. तो गेला आणि मी खिळ्याला लटकले, गंजले. झाडाचं पार रान झालं. आत ऊन शिरेना. तीन उन्हाळे एक फळ नाही.

मुलगा दोनियोर रशियाहून गाडी घेऊन परतला होता. "तोडू या. इथे गॅरेज होईल."

साबोहत झाडापुढे उभी राहिली. नवऱ्याने लावलेलं झाड ते. "आधी रीत तर कर," ती म्हणाली.

न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाडीने धमकावायचं आणि शेजाऱ्याने त्याला जामीन राहायचं, अशी आमच्याकडची रीत. त्याप्रमाणे त्याने झाडावर कुऱ्हाड उगारली. "फळणार आहेस, की घालू घाव?"

शेजारच्या ओयनिसामावशीने त्याचा हात धरला. "नको रे बाबा! मी जामीन. दोन उन्हाळे दे त्याला."

एरवी यावर हसून सगळे चहा पितात. दोनियोर हसला नाही. "दोनच हं, मावशी. मग खरंच तोडीन."

दुसऱ्या सकाळी दोनियोर गाडी घेऊन बाहेर पडल्यावर साबोहतने मला दगडावर घासलं, सरकीचं तेल पाजलं आणि चौसष्टाव्या वर्षी शिडी चढली. वाळलेलं, एकमेकांत घुसलेलं सगळं आम्ही काढलं. फळ धरणाऱ्या आखूड काटक्यांना मात्र धक्का लावला नाही. पहिला उन्हाळा फळाविनाच गेला. दोनियोर कुऱ्हाडीला धार लावून बसला. दुसऱ्या उन्हाळ्यात फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यावे लागले!

"कुऱ्हाडीला टरकलं!" दोनियोर जर्दाळू खात म्हणाला. सगळे हसले. माझा नुसता जळफळाट झाला.

साबोहतने मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. "टरकलं नाही. हिने छाटलं, तुझ्या बापाच्या पद्धतीने."

"मग आधी सांगायचंस ना, आई!"

"तू विचारलंस कधी?"

त्याने मला उचलून उलटसुलट पाहिलं. "आता विचारतो. शिकव."

यंदा शिडीवर तो असतो आणि खालून ती ओरडते. गाडी रस्त्यावर धूळ खाते. मला गंजायला फुरसत नाही. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण खिळ्याला लटकली असेल. तिला तेल पाजा, आणि ती कशी चालवायची ते जाणतं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.