खड्ड्यातला ताग

वडिलांनी शेतातली माती वीटभट्टीला विकायला सुरुवात केली, तेव्हा ताई आणि तिचा धाकटा भाऊ शाळेत जात होते. ट्रक रिकामे येत आणि भरून जात. पाच वर्षांत ते शेत शेजाऱ्यांच्या बांधापासून डोक्याइतकं खाली गेलं.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. राहतं घर भावाकडे आलं, ताईकडे खड्डा. लोकांनी चेष्टा केली, तर ती म्हणाली की पदरात पडलं ते पवित्र झालं. ती पोती शिवायच्या कारखान्यात कामाला होती. दुपारी सुटली की चालत तिकडे जाई आणि उतारावरून खाली उतरे. खाली रस्त्याचा आवाज पोचत नसे. वारा डोक्यावरून निघून जाई आणि शेजाऱ्यांची पावलं तिच्या डोळ्यांसमोरून चालत जात. आपण पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत आणि वरून कुणीतरी होडी नेतंय, असं तिला वाटे.

तळाला उरली होती ती पिवळट, दगडासारखी माती. भाऊ त्याच भट्टीवर मुकादम होता. त्याने एकदा येऊन सांगितलं की अजून दोन फूट माती सहज निघेल, मालक तयार आहे. दुसऱ्या दिवसापासून ताई भाजीबाजारातला सडका पाला आणि झाडलोटीची पानं हातगाडीवरून आणून खड्ड्यात पसरू लागली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं भावाच्या कानावर आलं. तो आठवडाभर त्या रस्त्याने गेलाच नाही.

मग तिने ताग पेरला. पहिल्या वर्षी तो जेमतेम गुडघ्याला लागला. फुलं धरताच तिने तो नांगरून खत म्हणून मातीतच गाडला. दुसऱ्या वर्षी कमरेला लागला, तोही गाडला. तिसऱ्या वर्षी तिला एकदा सकाळी कामाआधी धुक्यात उतरताना काही दिसेना, नुसता एक पिवळा उजेड खाली साचलेला. जवळ गेल्यावर कळलं की फुलं आहेत. ताग तिच्या डोक्यावर गेला होता. ती आत शिरली, मधमाश्यांच्या आवाजात कितीतरी वेळ उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कारखान्यात उशिरा पोचली.

बांधावरून ते पीक अजून एक माणूस बघत होता. गावात दोऱ्या वळणारे एक काका होते. प्लॅस्टिकच्या दोरीने त्यांचा धंदा बुडवला होता, पण अलीकडे एका मोठ्या रोपवाटिकेच्या बाई त्यांच्याकडे खेपा घालत होत्या. प्लॅस्टिकची दोरी रोपाच्या गळ्याला काचते, आम्हाला हंगाम संपला की आपोआप कुजणारी सुतळी द्या, असं त्यांचं म्हणणं. काका ताईला म्हणाले की सगळा ताग गाडू नकोस, थोडा जून होऊ दे. तिने तिसरा हिस्सा ठेवला. खड्ड्याच्या कोपऱ्यात पाणी साचायचंच. काड्या तिथे भिजत घातल्या, आणि त्या कुजल्यावर काकांनी सोलून दाखवल्या. हातात लांब, फिकट सोनेरी धाग्यांचा वाख आला.

पुढच्या वर्षी तिने कारखाना सोडला. त्याच सुमाराला भट्टी बंद पडली. जवळची माती संपली होती आणि लांबून आणणं परवडत नव्हतं. भाऊ चार दिवस घरात बसून राहिला, पाचव्या दिवशी खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. ताईने वर न बघता त्याला वाख विंचरायची फणी दिली. तो खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसून वाख विंचरू लागला.

त्या हंगामात रोपवाटिकेच्या बाईंनी दुप्पट सुतळी मागितली. काकांनी आणि भावाने मिळून ठरवूनच टाकलं होतं की यंदा गाडायचं काहीच नाही, सगळा कापायचा.

ताई म्हणाली, "निम्मा गाडायचा."

"अगं ताई, समोर आलेलं गिऱ्हाईक आहे," भाऊ म्हणाला.

"ह्या मातीचं पोट आधी. ही उपाशी राहिली, तर आपण कुणाच्या जिवावर दोऱ्या वळायच्या?"

काका रुसले. तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी मात्र स्वतःच शेजाऱ्यांना विचारून आले, की दोन पिकांच्या मधे तुमची रानं रिकामी असतात, तेव्हा आमच्यासाठी ताग पेराल का? पाला तुमच्या जमिनीला, काड्या आम्हाला. दोघे तयार झाले, नंतर सातजण. भट्टीवरच्या बायका वाख सोलायला आल्या, आणि विटा वाळवायच्या लांबलचक मैदानात काकांनी आपलं चाक रोवलं.

पहिला मोठा दोर वळायचा, त्या सकाळी पुन्हा धुकं होतं. वळणाऱ्याने कमरेला वाख गुंडाळून, तो बोटांतून सोडत सोडत उलटं चालायचं असतं. काकांचे गुडघे धरले होते, म्हणून भावाने वाख बांधला. ताई चाक फिरवू लागली. तो तिच्याकडे तोंड करून मागे मागे जात राहिला, आधी पाय धूसर झाले, मग खांदे, मग हसरा चेहरा. शेवटी तो दिसेनासा झाला. दोर मात्र तिच्या हाताखाली ताठ होता आणि पीळ भरत लांबत चालला होता.

"ताई, थांबू का?" धुक्यातून आवाज आला.

"जा अजून थोडा मागे," ती म्हणाली आणि चाक फिरवत राहिली.