शेंदराखालची खीळ

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी खीळ आहे. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, जाडीला करंगळीहून थोडी कमी. डोक्यावर छिन्नीच्या तीन खाचा आहेत. सध्या माझा मुक्काम फर्दापुरात, बानाबाईच्या दाराला. पण मधली अकरा वर्षं मी देव होते. हसू नका. देव होण्यात केवढी भीती असते, ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म फर्दापूरच्या लोहाराकडे झाला. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-दोन वर्षं लोटली होती. नांगराच्या मोडक्या फाळाचा तुकडा त्याने भट्टीत लाल केला, ऐरणीवर धरला आणि वरून घण घातला. ही माझी पहिली आठवण. तेव्हापासून हातोडीचा आवाज आला की माझ्या अंगाला कापरं भरतं. लोखंडाला कसली आलीय भीती, असं माणसं म्हणतात. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून त्यांचं खपून जातं.

बानाबाई ही मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. दाराला कडी-कोयंडा होता, पण कुलूप नव्हतं. "कुलूप बघून चोराला वाटंल, आत काय तरी हाय," असं ती म्हणायची. म्हणून कोयंड्यात मी. अंधारात चाचपून ओळखू यावी म्हणून तिने माझ्या डोक्यावर त्या तीन खाचा मारून घेतल्या होत्या. सकाळी मेंढरं घेऊन निघताना ती मला आत सारायची, परत आली की बाहेर काढायची. वेणीफणी झाली की तेलाचा हात माझ्यावरून फिरवायची. बारा वर्षं मी अशी सुखात काढली. तेव्हा मात्र मला ते सुख वाटत नव्हतं.

एके दिवशी तिच्या दारासमोर एक मोटार थांबली. मोटारवाल्याचं नाव फकिरा. मूळचा सिल्लोडकडचा शेतकरी, पण तेव्हा औरंगाबादेत भाड्याची गाडी चालवायचा. लोकांना अजिंठ्याची लेणी दाखवायला आणायचा. त्या जुन्या गाड्यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असे. हाताने दांडा हलवला की बॉनेटखालच्या लोखंडी कांबी ती हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेत. दोन कांबी जिथे जुळतात, तिथे एक खीळ लागते. फकिराच्या गाडीची ती खीळ वाटेत कुठेतरी पडली होती.

बानाबाईने सगळं ऐकून घेतलं, वळली आणि कोयंड्यातून मला उपसून त्याच्या हातावर ठेवलं.

"घेऊन जा. पर आणून दे बरं का बाबा. दार उघडं ऱ्हातं माझं."

"उद्याच्याला आणून देतो, मावशे," फकिरा म्हणाला.

तो उद्या अकरा वर्षं उजाडला नाही.

त्याचं असं झालं. त्याच फेरीत परत जाताना चौक्याच्या घाटात फकिराच्या पुढची गाडी उलटली. फकिराने झटकन गिअर बदलला, म्हणून तो वाचला. खरं तर त्याचा हात चपळ होता. पण घरी जाऊन त्याने बायकोला, चतुराबाईला सांगितलं की त्या खिळीनं तारलं. आठवड्याने खांडेनवमी आली, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारा-अवजारांची पूजा. चतुराबाईने सगळ्या गाडीला हळद-कुंकू वाहिलं, आणि बॉनेट उघडून मला मात्र शेंदूर फासला.

झालं. मी देव झाले. देवाला परत कसं द्यायचं? फकिराने मनाची तशी समजूत घातली, आणि बानाबाईला दिलेला शब्द माझ्यासारखाच शेंदराखाली गेला.

दर वर्षी एक थर चढायचा. तेलात कालवलेला शेंदूर आधी ओला असतो, मग सुकतो, मग त्याची खपली धरते. आत गंज, बाहेर शेंदूर. सांध्यात मी सहज फिरायला हवं होतं. हळूहळू माझं फिरणं जड झालं.

जालना रोडवर सांडू मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. एकदा त्याने बॉनेट उघडून मला बोटाने ढोसलं.

"मालक, ही खीळ जाम व्हायली. काढू द्या. चार ठोक्यांत मोकळी करतो."

"हातोडी लावशील तर याद राख," फकिरा म्हणाला. "देव हाय त्यो आमचा."

"देव घाटात गिअर टाकायला येणार हाय का तुमच्या?"

फकिराने बॉनेट खाडकन लावलं. पण सांडू चिकट माणूस. त्याने एक नवी खीळ आणि बोथट तोंडाची एक छोटी सळई चिंधीत गुंडाळून गाडीच्या खणात ठेवून दिली. सळईला तो पंच म्हणायचा. "आज नाय तर उद्या लागंल," एवढंच बोलला.

मित्रांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? सांडू खरं बोलत होता, हे मला कळत होतं. तरीही बॉनेट बंद झालं तेव्हा मला हायसं वाटलं. देवाला कोणी हातोडी मारत नाही. एवढ्याचसाठी मला देव राहायचं होतं.

बाराव्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी फकिरा चतुराबाईला तिच्या माहेरी सोडायला निघाला. शिडीवरून पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. तीन महिने अंथरुणात गेले होते. हाड जुळलं, पण पायांत जोर नव्हता. मागच्या सीटवर ती आडवी झाली होती, उशाला मालिशच्या तेलाची बाटली. दुपारी आम्ही फर्दापूरकडे जाणारा अजिंठ्याचा घाट उतरू लागलो. दुसऱ्या वळणावर फकिराने पहिला गिअर टाकायला दांडा ओढला.

दांडा मध्येच अडकला. ना या गिअरात, ना त्या. गाडी मोकळी झाली आणि उतारावर धावू लागली.

फकिराने ब्रेकवर सगळा भार दिला. गाडी कशीबशी थांबली. पुढे दहा हातांवर कठडा होता, पण त्याचे दगड पडलेले, आणि त्यापलीकडे दरी. ब्रेक तापून करपट वास सुटला होता. हँडब्रेक केव्हाच कामातून गेलेला. फकिराचा पाय ब्रेकवरून निघाला असता तर गाडी दरीत गेली असती. त्याला खाली उतरता येत नव्हतं, बायकोला उचलता येत नव्हतं. आणि ब्रेक असूनही गाडी बोटबोटभर सरकत होती. हे सगळं माझ्यामुळे. अडकले होते ती मी.

"ए बाबा, गाडी सरकायली तुझी!"

वरच्या बाजूने मेंढरं येत होती, आणि त्यांच्यामागे बानाबाई. थकलेली, वाकलेली, पण आवाज तोच. मी ओळखला. फकिराला तिच्याकडे नीट बघायचंही भान नव्हतं.

"मावशे, दगड लाव चाकाला!"

तिने दगड लावला. तो मुरमावरून घसरला. दुसरा लावला, तो थोडा टिकला. मग तिने मागचं दार उघडून चतुराबाईला बगलेत धरून ओढलं. चतुराबाई कळवळली.

"नाय उठवत मला. तुम्ही जावा बाजूला, मावशी. तुम्ही तरी वाचा."

"गप," बानाबाई म्हणाली. "काय करू ते सांग रं मोटारवाल्या."

फकिराने इंजिन बंद केलं आणि आतून बॉनेटची कळ ओढली. बॉनेट वर झालं आणि त्याला पुढचं दिसेनासं झालं. तो घामाने निथळत होता. सांडूची चिंधी आणि सीटखालची हातोडी त्याने खिडकीतून बाहेर दिली. "शेंदूर लावलेली खीळ दिसती का? ती जाम झाली... पर मावशे, देव हाय ती. मारावं का नाय..."

"माझ्या हातानं लावलाय शेंदूर," मागून चतुराबाई रडत म्हणाली. "कोप व्हईल."

टायरखालचा दगड कुरकुरला. गाडी आणखी दोन बोटं पुढे आली.

बानाबाईने कमरेचा विळा काढला आणि टोकाने माझ्यावरचा शेंदूर खरवडला. खपल्या उडाल्या. तिचा अंगठा माझ्या डोक्यावरून फिरला. एक खाच, दोन, तीन. अंगठा तिथेच थांबला.

"अगं बाई! ही तर माझ्या दाराची खीळ. अकरा वर्सं मी बाभळीची काडी लावतीया दाराला, अन् ही इथं देव होऊन बसली व्हय?"

आता कुठे फकिराने तो आवाज ओळखला.

"माझी हाय. मी मारते. कोप व्हायचा तो माझ्यावर हू द्या. तेल हाय का कुणाकडं?"

चतुराबाईने डोळे पुसले आणि उशाची बाटली पुढे केली. पायांचं तेल माझ्या सांध्यात झिरपलं. मग पंचाचं तोंड माझ्या बारीक टोकाला भिडलं आणि हातोडी वर गेली.

मला भट्टी आठवली, घण आठवला. मी खूप घाबरले. पण त्याच वेळी मला चतुराबाईचा हुंदका ऐकू आला आणि मला माझीच लाज वाटली. स्वतःचा मार चुकावा म्हणून मी तिला इथवर आणलं होतं. खिळीला आपणहून हलता येत नाही. मारणाऱ्यावर भरवसा ठेवता येतो, तेवढंच. मी मनात म्हटलं, मार बानाबाई, जोरात मार.

पहिला ठोका. दुसरा. काही नाही. तिने पुन्हा तेल सोडलं. पाचव्या ठोक्याला गंज करकरला. सातव्याला मी सुटले आणि धुळीत पडले.

"आता ती गिअरबॉक्सकडं जाणारी खालची कांब पुढं ढकल, मावशे! खट् वाजंस्तोर!"

तिने दोन्ही हातांनी कांब ढकलली. खट्. पहिला गिअर पडला. फकिराने पाय अगदी हळू उचलला. आता बंद इंजिनानेच चाकं धरून ठेवली होती; गाडी जागची हलली नाही. तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून लहान मुलासारखा रडला.

थोड्या वेळाने तो उतरला. सांडूची नवी खीळ बसवली. मग धुळीतून मला उचललं आणि तिथेच उभा राहिला. कपाळाला लावावं की काय, हे त्याला कळत नव्हतं. बानाबाईने हात पुढे केला.

"दे. दार उघडं हाय माझं."

"चुकलो, मावशे."

"द्या त्यांची त्यांना," चतुराबाई आतून म्हणाली. "अन् ती बाटलीबी द्या."

त्या दिवसापासून मी पुन्हा कोयंड्यात आहे. सातव्या ठोक्याने माझं टोक जरा चेपलं आहे, पण बिघडलं नाही. रोज आत जाते, रोज बाहेर येते, आणि वेणीफणीनंतरचा तेलाचा हात माझ्यावरून फिरतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू असेल, जिला तुम्ही फार मानता, फुलं वाहता. तिला एकदा हलवून बघा. हलत नसेल तर तेल सोडा. तरीही हलली नाही, तर हातोडी घ्यायला घाबरू नका. आम्हाला लागतं, पण आम्ही रागवत नाही.