खुर्चीच्या कापसातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. केस कापायच्या दुकानातली. लोखंडी पाय, मान टेकायला उशी, पाय ठेवायला पत्र्याचा टेका आणि बसायला लाल रेक्झिनची गादी. कारखान्यातून आले तेव्हा इतकी चकचकीत होते, की लोक आधी मला बघायचे आणि मग आरशात स्वतःला. आता कुणी बघत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

माझा मालक न्हावी. सगळे त्याला मामा म्हणत. हात असा हलका, की दाढी होता होता माणसं घोरू लागत. त्याचा एक नियम होता. खुर्चीत बसलेल्याने बोलायचं आणि मागे उभ्या असलेल्याने ऐकायचं.

"गिऱ्हाईक इथं डोकं हलकं करायला येतं," तो म्हणायचा. "आपलं रडगाणं त्याला कशाला?"

सुनांची भांडणं, साहेबांचे रुसवे, सगळं त्याने ऐकून घेतलं आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोक या नियमाचं केवढं कौतुक करायचे! मीही करायचे.

मग त्याचं हृदय थकलं. चार पावलं टाकली की धाप लागू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हे डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. दर महिन्याला माझ्यावर बसून, डोळे मिटून केस कापून घेणारे. गोळ्यांनी धाप कमी झाली खरी, पण कोरडा खोकला मागे लागला. कफ नाही, ताप नाही, नुसता घसा खवखवायचा आणि उबळ यायची. एकदा उबळ आली तेव्हा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता. थेंबभर रक्त आलं. "असू दे, असू दे," म्हणत ते गिऱ्हाईक उठलं, ते पुन्हा फिरकलं नाही. हळूहळू बाकीचेही समोरच्या दुकानात जाऊ लागले. खोकणाऱ्या न्हाव्यापुढे मान कोण देणार?

गोळ्या आल्या आणि खोकला आला, एवढं मामाला कळत होतं. त्याच सुमारास डॉक्टर केस कापायला आले. मामाने दोनदा उबळ गिळली. तिसऱ्यांदा जमलं नाही.

"खोकला झालाय का हो मामा?" डॉक्टरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"छे, केसांची धूळ जाते घशात. मान जरा खाली घ्या, साहेब."

डॉक्टरांनी मान खाली घेतली. संपलं! इलाज माझ्यावर बसला होता आणि दुखणं हातभर अंतरावर उभं होतं. मी मात्र लोखंडाची, करकरण्यापलीकडे मला काय येतं?

दुसऱ्या दिवसापासून मामाने ती गोळी घ्यायची बंद केली. मालकीणबाई दुपारी डबा घेऊन येत आणि गोळी घेतल्याशिवाय हलत नसत. दुकान झाडायच्याही त्याच, त्यामुळे गोळी फेकायची सोय नव्हती. माझी गादी एका बाजूला उसवली होती. मामा गोळी तळहातात लपवायचा, नुसतं पाणी प्यायचा आणि त्या डबा विसळायला वळल्या, की गोळी माझ्या कापसात ढकलायचा.

खोकला थांबला. "सुंठीवाचून खोकला गेला!" मामा आरशात बघून हसला. गिऱ्हाइकं परतली. "बघा, लागू पडल्या की नाही गोळ्या?" मालकीणबाई म्हणायच्या आणि तो मान डोलवायचा. माझ्यावर कुणीही बसलं, की त्या गोळ्या मला आतून टोचायच्या.

पुन्हा धाप लागू लागली. तीही त्याने अंगावर काढली. एका सकाळी पांढरं कापड झटकता झटकता तो माझ्या पायाशीच कोसळला.

तो जगला, पण दुकान गेलं. मला उचलून घरात आणताना माझी गादी फाटली आणि गोळ्या फरशीवर सांडल्या. मामाला बघायला आलेल्या डॉक्टरांनी त्यातली एक उचलली.

"मामा, या गोळीने काही जणांना खोकला येतो. एका शब्दाने सांगितलं असतंत तर बदलून दिली असती. दुसरी असते की!"

"मी पाण्याचा पेला धरून उभी राहायचे, ते काय तुमच्या खुर्चीसाठी हो?" मालकीणबाई मामावर कडाडल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "आणि साहेब, तुम्ही तर दर महिन्याला तिथंच बसायचात. तुमच्या कानावर नाही आला खोकला?"

डॉक्टर खाली वाकून गोळ्या वेचू लागले.

आता मी खिडकीशी असते आणि मामा माझ्यावर बसून असतो. कात्री घेऊन उभं राहण्याइतका दम त्याच्यात उरलेला नाही. गोळ्या बदलल्या. तो त्या खरंच गिळतो; मालकीणबाई तोंड उघडायला लावून बघतात. परवा डॉक्टर आले होते.

"काय मामा, काही त्रास?"

"छे! अगदी बरं आहे."

नव्या गोळ्या आल्यापासून त्याचे पाय सुजतात. सकाळी चप्पल जाते, संध्याकाळी जात नाही. माझ्या टेक्यावर पाय ठेवून तो दुकानातलं तेच पांढरं कापड त्यांवर पसरतो. डॉक्टर चहा पिऊन गेले.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरात कुणी औषध घेत असेल आणि "बरं आहे" म्हणत असेल, तर तेवढ्यावर उठू नका. आणि कधी मामाकडे आलात, तर त्याच्या पायांवरचं ते कापड जरा बाजूला करा.