मनगटापर्यंत

नवऱ्याची डॉक्युमेंटरी बघायला मी चष्म्याच्या दुकानातून थेट गेले, तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. दिवसभर उभं राहून काचा घासायच्या आणि वर अंधारात बसून आदिमानवाच्या गुहा बघायच्या. म्हटलं, निदान बसायला तरी मिळेल.

मनात एकच गोष्ट पक्की होती. त्याला दुसऱ्या फिल्मचं बोलावणं आलं होतं, पुन्हा कॅमेरा घेऊन वर्षभर लांब. आज घरी जाताना स्पष्ट सांगायचं, जाऊ नकोस. मागच्या खेपेला लेक रांगत होती तेव्हा गेला, आणि परतला तेव्हा ती त्याला बघून माझ्यामागे लपली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, लेकीचा दमा, न्हाणीतला गळका नळ, सगळं मी एकटीने निस्तरलं. तो फोनवर विचारायचा, सगळं ठीक ना? नाही म्हटलं असतं तर तिथून काय कपाळ करणार होता?

फिल्म वाईट निघावी असं मला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलू? भांडायला सोपं गेलं असतं.

पण निघाली सुंदर. दिव्याच्या उजेडात भिंतीवरचे बैल असे हलले की शेजारच्या बाई हातातली पर्स धरायची विसरल्या. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी पोटापाण्याचं सोडून इतक्या आत, इतक्या काळोखात शिरलं होतं. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच राग आला. मेल्याला हे एवढं जमतं, नळ मात्र जमत नाही.

मग एका लहान मुलाच्या हाताचा ठसा आला. निवेदक म्हणाला, मूल दोन-अडीच वर्षांचं असावं, आणि त्याला कुणीतरी उचलून धरलं असणार. खऱ्या भिंतीला हात लावायला बंदी, म्हणून ठसा कसा उमटवला असेल ते दाखवायचं दृश्य आमच्या गच्चीत चित्रित झालं होतं. पडद्यावर चिमुकला पंजा, त्यावर लाल रंगाची फुंकर. पंजा आमच्या लेकीचा. तिला कडेवर घेऊन मी अख्खी दुपार उभी होते, ती भोकाड पसरत होती, पुढे कितीतरी दिवस माझा खांदा वर जात नव्हता. पडद्यावर ती मनगटापर्यंतच होती. मी अर्थातच नव्हते. मागून कुणीतरी हळूच "आई गं" म्हणालं.

टाळ्या झाल्या, लोकांचं त्याचे हात हातात घेऊन झालं. बसथांब्यावर आम्ही दोघंच उरलो तेव्हा त्याने विचारलं, "कशी वाटली?"

याला विचारायचंय ते जाण्याबद्दल, हे मी ओळखलं. इतकी वर्षं संसार केलाय, एवढं तर कळतं. म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सुंदर झालीये. मी रडले. पण तू जाऊ नकोस. मी दमलेय रे. आणखी एक वर्ष मला एकटीला नाही झेपणार."

त्याने बस येतेय का ते वाकून बघितलं.

"मी परवाच हो म्हटलंय," तो म्हणाला.

"मग मला विचारलंस कशाला?"

"मी फिल्मबद्दल विचारलं होतं," तो म्हणाला, आणि तो खरंच गोंधळलेला दिसत होता.