नागेंद्रसरांची लिटमस टेस्ट

सीमाभागातल्या शहापूरच्या विणकर गल्लीत वाढलेले नागेंद्रसर हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवत. त्यांच्या दिपालीने सदलग्याचा राजकुमार स्वतःच पसंत केला, तेव्हा सरांना एकच शंका होती: त्या घरात मराठी कितपत बोलतात?

"मुलगा पाठ करून बोलेल," ते लेकीला म्हणाले. "मी त्याच्या आईचं बोलणं ऐकणार. तीच लिटमस टेस्ट. थेंब पडला की कागद खरा रंग दाखवतो."

"माणसं म्हंजे कागद व्हय, आप्पा?"

सरांनी ते हसण्यावारी नेले.

रविवारी पाहुणे आले. सर बाहेरच्या सोप्यात राजकुमारच्या वडिलांशी, तम्मण्णांशी, बोलत बसले. मधल्या खोलीत सरांची आई मालुबाई राजकुमारच्या आईला, जयवंताबाईंना, हळदकुंकू लावत होती. पोहे नुकतेच मांडले होते, तोच आतून कन्नड बोलणे ऐकू आले आणि पाठोपाठ मोकळे हसणे.

सर उठून दारात गेले. "आमच्या घरात मराठी बोलतात," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता.

मालुबाईच्या हातातला करंडा तसाच राहिला.

"मीच आधी बोलले रं," ती म्हणाली. "त्यांच्या लुगड्याचा काठ बघितला, माझ्या म्हायेरचा वाटला. रबकवीचा. तोंडातनं आपसूक गेलं."

सासूच्या धाकाने आईने माहेरची कन्नड उंबऱ्याबाहेर ठेवली, हे सरांना लहानपणापासून ठाऊक होते. मघाचे हसणे तिचेच होते. ते इतके अनोळखी होते, की त्यांना पाहुणीचे वाटले.

जयवंताबाईंनी पदर सावरला. "दिपालीनं राजूला सांगितलं हुतं, सर. परीक्षा हाय म्हणून. मी मराठीच बोलायचं ठरवून आलते. पर थोरल्या बाईमाणसानं बोलल्यावर गप बसायचं काय?"

"चुकलं माझं," सर म्हणाले. मान वर होईना.

"पोरगी लई चांगली हाय," तम्मण्णा उठत म्हणाले. "पर आमच्या हिनं इथं तोंड उघडायच्या आधी दरवेळी इचार करायचा म्हंजे अवघड. घरात बोलतो, मग कळवतो."

पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोचवून सर परतले. दिपालीने त्यांच्याकडे पाहिले नाही.

"त्यांनी पोहे खाल्ले न्हाईत," मालुबाई म्हणाली. "झाकून ठेवू काय?"

मराठीत म्हणाली, एकेक शब्द जपून.