सहानंतरची सेवा

रामवाडीतल्या दिनानाथशेठांच्या गणपतीच्या कारखान्यात रोज संध्याकाळी सहाला आरती होई. आरती झाली की हजेरीवही मिटून कपाटात जाई. आरतीआधी केलं ते काम, त्याला मजुरी. आरतीनंतर करायची ती सेवा. तोच पाट, तोच कुंचला, तीच दुखरी पाठ. फक्त मजुरी नाही. श्रावण लागला की ही सेवा तीन-तीन तास चाले, आणि हंगाम संपला की प्रत्येकीच्या हातावर एक नारळ!

गडब गावची पुतळी तिथं आखणीला होती, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखायला. तिच्याआधी त्याच पाटावर तिची सासू काशीबाई बावीस हंगाम बसली होती. आता काशीबाईला तांदळातला खडा दिसत नव्हता. यंदा पुतळीच्याही डोळ्यांना पाण्याची धार लागली होती.

त्या दिवशी सकाळी तिचा नवरा कान्हू धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "चार तास जादा थांबलो, आठ तासांचा पगार लागला. कायदाच हाय, जादा कामाला दुप्पट."

"मी रोज तीन तास थांबते. मला काय?"

"तुला नारळ!" कान्हू हसला. पुतळी हसली नाही.

काशीबाई सुपावरून हात फिरवत बोलली, "देवाच्या कामाचं पैसं मोजतेस व्हय गो? आमी नाय कधी मोजलं."

"म्हणून तर खडं माझ्याकडून निवडून घ्यावं लागतात, आई."

संध्याकाळी आरती झाली. रोह्याला जायचा ट्रक दारात उभा होता आणि त्यातून जायच्या साठ मूर्ती अजून डोळ्यांविना होत्या. शेठांनी कारखान्यातच कीर्तन ठेवलं होतं. हात चालतील आणि कान तृप्त होतील, हा त्यांचा हिशेब. पुंडलिकबुवा चिपळ्या घेऊन बसले होते. हजेरीवही मिटली तशी पुतळीनं कुंचला धुतला आणि पदराला हात पुसले.

"काय गो, निघालीस कुठं?" शेठ म्हणाले.

"घरी. सहा वाजलं."

"आणि हे साठ? देवाला आंधळा ठेवतेस?"

"वही उघडा, दुप्पट मजुरी लिवा, आत्ता बसते. डोळं उघडल्यावर देव पयला तुमच्याकडंच बघंल, शेठ. तेवढं सोसंल का बघा."

कोपऱ्यात आखणीलाच बसलेली गोदूबाई फिसकन हसली. शेठांचा चेहरा उतरला. "बुवा, तुम्हीच सांगा हिला सेवेचं महत्त्व!"

ही गोष्ट सांगणारे आम्हीही कीर्तनाच्या नादानं गावोगाव हिंडलेली माणसं. 'सेवा' शब्द कानी पडला की आपसूक हात जोडतो. त्याच शब्दाच्या आड बायकांची दृष्टी ओरबाडून घ्यायची, ह्याची शिसारी येते. उष्ट्या हातानं नैवेद्य दाखवावा, तसली शिसारी.

बुवांनी चिपळ्या पिशवीत घातल्या. "शेठ, सेवा आपसूक होते. दरडावून घेतात ती वेठ. वेठीच्या मांडवात मी उभा राहत नाही."

"उद्यापासून येऊ नकोस!" शेठ पुतळीवर ओरडले.

"येणार. आठला येणार, सहाला जाणार. काढायचं तर लिवून द्या. तो कागद कामगार हापिसात दाखवीन."

गोदूबाईनं कुंचला धुवायला घेतला. मग तिच्या शेजारणीनं. पाण्याचा डबा रंगानं काळाभोर झाला. ट्रक रिकामा गेला.

घरी पुतळीनं सगळं सांगितलं. काशीबाई चुलीपुढून उठली. तिनं फळीवर मांडलेले नारळ चाचपले; एकेका हंगामाचा एकेक. वाळून हलके झालेले. तिनं ते कधी फोडलेच नव्हते, प्रसाद म्हणून. एक कानाशी नेऊन हलवला. आत पाणी नव्हतं.

"पुतळे," ती म्हणाली, "मी बावीस वरसं केली, ती सेवा कुणाची गो?"

पुतळीनं तांदळाचं सूप पुढं ओढलं आणि ती खडे निवडायला बसली.

वाचकहो, चतुर्थीला मूर्ती घरी आणाल. आरती म्हणताना तिच्या डोळ्यांत बघाल. ती रेघ कुणी ओढली आणि सहाच्या आधी की नंतर, हे विकत घेतानाच विचारा. विचारायची लाज वाटत असेल, तर त्या डोळ्यांपुढं हात जोडायचीही वाटू द्या.